टक्का घसरला की शिव्या आम्हालाच

मतदान संपलं की संध्याकाळी टीव्हीवर तेच रडगाणं सुरू. मतदारांमध्ये निरुत्साह, सुशिक्षित लोक घराबाहेर पडलेच नाहीत, जोडून सुट्टी मिळाली म्हणून फिरायला गेले, लोकशाहीचं यांना काही पडलेलंच नाही. आणि मग व्हॉट्सअपवर शाईचं बोट नाचवणारे सगळे काका-मावश्या, "ज्यांनी मत दिलं नाही त्यांना तक्रार करायचा अधिकार नाही!" का बरं नाही? टॅक्स कापताना विचारता का, बाबा रे तू मत दिलं होतंस का?

मी मत देतो, दर वेळी देतो, हे आधीच सांगून टाकतो नाहीतर लगेच मलाच धरून झोडाल. पण जो देत नाही त्याला आळशी म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही राव, कारण तो विचारतो की देऊन काय झालं, आणि मला खरंच उत्तर देता येत नाही.

२०१९ ची आपली विधानसभाच घ्या ना. भाजप-शिवसेना एका बाजूला, काँग्रेस-राष्ट्रवादी दुसऱ्या बाजूला, प्रचारात एकमेकांना काय काय बोलले ते आख्ख्या महाराष्ट्राने ऐकलं. लोकांनी आपापल्या अकलेने एक बाजू निवडली. पुढे काय? २३ नोव्हेंबरला लोक डोळे चोळत उठले तोवर राजभवनात फडणवीस-अजित पवारांचा शपथविधी उरकलेला, ते सरकार चार दिवसांत कोसळलं, मग शिवसेना ज्यांच्या विरोधात मतं मागितली त्यांच्याच सोबत जाऊन बसली, मग जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, मग जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. एकाच विधानसभेत तीन मुख्यमंत्री! आणि नीट बघा, त्या पाच वर्षांत भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस, चारही पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून गेले. म्हणजे तुम्ही यातलं कुठलंही बटण दाबलं असतं तरी तुमचा पक्ष सत्तेत, आणि ज्याला पाडायला म्हणून तुम्ही उन्हातान्हात गेलात तोही सत्तेत. मग त्या रांगेत आम्ही नक्की काय ठरवायला उभे होतो?

आणि कायदा नाही असं नाही हां. १९८५ पासून आहे, पक्षांतरबंदी, म्हणजे घटनेचं दहावं परिशिष्ट. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ मध्ये ते बंद केलं, आता दोन तृतीयांशांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं. म्हणजे एकट्याने उडी मारली तर आमदारकी जाते, घाऊकमध्ये मारली की झालं विलीनीकरण, काय कौतुक! शेजारी गोव्यात तर २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर, दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या होत्या की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. अकरा आमदार निवडून आले. त्याच सप्टेंबरात अकरापैकी आठ भाजपमध्ये. तीन-तीन ठिकाणच्या देवांना जे जमलं नाही ते माझं एक मत करणार आहे होय.

आपल्याकडचा शिवसेना फुटीचा निकाल तर अजून भारी. सुप्रीम कोर्टाने मे २०२३ मध्ये सांगितलं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकलंच, पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला त्यामुळे आता ते सरकार परत आणता येत नाही, आणि आमदारांच्या अपात्रतेचं काय ते विधानसभा अध्यक्षांनी बघावं. अध्यक्ष कोण असतो? सत्ताधाऱ्यांच्याच मतांवर निवडून आलेला आमदार. त्यांनी बघितलं, सावकाश बघितलं, जानेवारी २०२४ मध्ये निकाल दिला की कुणीच अपात्र नाही. इकडचे पण नाहीत आणि तिकडचे पण नाहीत! ठाकरे आणि शिंदे असे दोन गट एकमेकांना अपात्र करा म्हणून दीड वर्ष भांडत होते आणि शेवटी सगळे पास. तोवर पुढची निवडणूक दारात.

"मग नोटा दाबा ना", म्हणजे 'यापैकी कुणीही नाही'चं बटण, असं सांगणारे हुशार लोक असतातच. दाबतात की लोक. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते बटण आलं. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होतं, सत्तावीस हजारांच्या वर मतं. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने ऐनवेळी अर्जच मागे घेतला तर दोन लाखांपेक्षा जास्त लोकांनी जाऊन नोटा दाबलं. झालं काय? काही नाही. विधानसभा-लोकसभेत नोटा पहिल्या नंबरवर आलं तरी दुसऱ्या नंबरचा माणूस हार घालून मिरवणूक काढणार. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये निदान स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं की नोटा जिंकलं तर फेरनिवडणूक घ्यायची, ते बरं केलं. पण त्यावर पण तोडगा आहेच की, समोरच्यांना अर्ज मागे घ्यायला लावायचे, एकच उरला की बिनविरोध, मतदानच नाही तर नोटा कुठून येणार.

स्थानिक म्हणाल तर तिथे माझं डोकंच फिरतं. मुंबई, पुणे, नागपूर, या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं! घटनेत २४३-यू कलमात सरळ लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला पाहिजे. पण ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, आणि एवढ्या काळात कुठल्याही सरकारला घाई म्हणून नाही, कारण प्रशासक बसला की सगळा कारभार मंत्रालयातून चालतो. तोवर गटार तुंबलं तर कुणाला पकडायचं? नगरसेवक माजी झालेला, तो म्हणतो माझ्या हातात काही नाही. ऑफिसात जा, साहेब मीटिंगमध्ये. चार वर्षं लोकांना शिकवलंत की तुमच्या प्रतिनिधीशिवाय गाडी चालते, आणि मग एक दिवस अचानक म्हणता या या, मतदान करा, लोकशाहीचा उत्सव आहे. मुंबईत टक्का जेमतेम पन्नाशीच्या वर गेला. मला तर वाटतं तेवढे आले हेच खूप झालं.

आणि आघाड्या! राज्यात जे एकत्र सरकार चालवतात तेच पुण्यात एकमेकांच्या विरोधात, ज्यांनी एकमेकांना पक्षचोर म्हटलं ते दोन्ही राष्ट्रवादीवाले तिथेच गळ्यात गळे घालून. अंबरनाथला तर नगरपालिकेत शिंदेंच्या सेनेला बाहेर ठेवायला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एकत्र आले, काँग्रेसने बोंबाबोंब झाल्यावर आपल्या नगरसेवकांना निलंबित केलं, तर ते सरळ भाजपमध्येच गेले. आता त्या वॉर्डात ज्याने पंजावर बटण दाबलं त्याने नक्की कुणाला मत दिलं हो? माझा भाचा यंदा पहिल्यांदा मतदार झाला, मला विचारतो, मामा उमेदवाराची माहिती कुठे बघू. मी त्याला प्रतिज्ञापत्र कसं डाउनलोड करायचं दाखवलं. त्यात शिक्षण आहे, गुन्हे आहेत, संपत्ती आहे, बायकोचं सोनंसुद्धा आहे. पुढच्या वर्षी हा माणूस कुठल्या पक्षात असेल त्याचा रकाना तेवढा नाही.

विधानसभेला २०२४ मध्ये टक्का ६६ पर्यंत गेला होता की, असं कुणीतरी म्हणेलच. गेला ना. म्हणजे लोक येतात, आळशी नाहीत, आपल्या हातात काही आहे असं वाटलं की येतात. मग निवडणूक आयोगाने सेलिब्रिटींच्या जाहिराती, रांगोळी स्पर्धा आणि सायकल रॅल्यांवर जेवढा जीव टाकला तेवढा मतदारयाद्यांवर टाका ना. नवरा एका केंद्रावर, बायको दुसऱ्या केंद्रावर, मेलेले सासरे यादीत आणि जिवंत सासूबाईंचं नाव गायब. मोबाइल आत न्यायचा नाही, बाहेर ठेवायची सोय कित्येक ठिकाणी नाही, मग एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने चार मोबाइल धरून गेटवर उभं राहायचं. अध्यक्षांना अपात्रतेचा निकाल द्यायला तीन महिन्यांची मुदत कायद्यातच घाला, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच म्हटलंय साधारण तीन महिन्यांत संपवा म्हणून. पक्ष सोडला की राजीनामा द्या आणि परत लोकांसमोर या, मग तुम्ही दोन तृतीयांश असा नाहीतर सगळेच्या सगळे.

यातलं एक तरी करा आणि मग या मला त्या फिरायला गेलेल्यांची लाज काढायला सांगायला.