आठाचे अकरा

घरातली वस्तू जुनी झाली की दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हे आमच्याकडे चहा संपायच्या आत ठरतं. मिक्सर? भांडं बदलून आणा. फ्रिज? कॉम्प्रेसर गेला असेल तर नवा. स्कूटर? चालतेय ना अजून, मग गप्प बसा. माझ्या रोडबाइकचा विषय मात्र गेल्या दिवाळीत निघाला आणि अजून उठायचं नाव घेत नाही.

सायकल तशी वाईट नाही. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, पुढचा फोर्क तेवढा कार्बनचा, रिमला धरणारे ब्रेक, पुढे दोन चक्रं, मागे आठ चक्रांची कॅसेट. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या उतरंडीत तळाला क्लॅरिस, मग सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि शिखरावर ड्युरा-एस. माझी क्लॅरिस. सायकलवाला माणूस भेटला की आधी तुमचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, बघतो, मग चेहरा, आणि नमस्कार किती वाकून करायचा ते डिरेलरवरून ठरवतो.

त्यात आमचं नाशिक. २०१५मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली. तेव्हापासून इथे एखादा सर्जन पहाटे लायक्रा घालून गंगापूर रोडवर दिसला तर कुणी दचकत नाही. आमच्या ग्रुपमध्येही डॉक्टरच जास्त, त्यामुळे सायकलीचं काहीही विचारा, उत्तर दवाखान्यातलं येतं. चढाला गिअर कमी पडतात, असं मी म्हटलं, तेव्हा आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी मागचं चाक फिरवलं, दोन बोटांनी चेन चाचपली आणि म्हणाले, “तात्पुरतं काहीतरी करता येईल. पण रिप्लेसमेंट केव्हातरी करावंच लागणार. मग आत्ताच का नको?” हेच वाक्य ते माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याबद्दलही बोलले होते.

त्यांची स्वतःची सायकल कार्बनची, डिस्क ब्रेकची, आणि गिअर विजेवर बदलणारी. २०२२मध्ये १२ गिअरांचं १०५ निघालं ते विजेवरचं. तारेवरचं पुढच्या वर्षी आलं, पण डॉक्टरांना तेवढा धीर नव्हता. चार्ज कराव्या लागणाऱ्या वस्तू घरात आधीच पुरेशा आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सायकल समोर नसताना मी ते मांडतोही.

माझी खरी अडचण नांदुरीची. नांदुरीतून सप्तशृंगीगडावर जाणारा रस्ता सुमारे दहा किलोमीटर नुसता चढतो. माझ्या पुढच्या लहान चक्राला ३४ दाते, मागच्या सगळ्यात मोठ्याला २८. म्हणजे पायडल एकदा पुरतं फिरवलं की सायकल अडीच मीटर पुढे. सपाटीवर हे कौतुकाचं. घाटात मात्र पहिल्या काही वळणांतच मला अडीच मीटर नको असतात, दोन पुरतात. बोट आपोआप हँडलवरच्या शिफ्टरकडे जातं, शिफ्टर टक् असा कोरडा आवाज करतो आणि काहीच होत नाही, कारण शेवटचा गिअर आधीच पडलेला असतो. हे मला ठाऊक असतं. तरी मी अजून एकदा टक् करून बघतो.

डॉक्टरांचं ऐकायचं नाही, असं ठरवून मी जुन्या नाशकातल्या आमच्या चाचांकडे सायकल नेली. म्हटलं, “चाचा, फार काही नको. फक्त शिफ्टर आणि डिरेलर १०५चे, अकरावाले. बाकी सगळं आहे तसं राहू दे.”

चाचांनी हात पुसले. “साहेब, शिफ्टर अकराचा, तर कॅसेट अकराची. कॅसेट अकराची, तर चेन बारीक. चेन बारीक, तर पुढचे दाते तपासावे लागतील. आणि अकराची कॅसेट तुमच्या चाकाच्या मधल्या हबवर बसतच नाही.”

“कितीने अडतंय?”

१.८५ मिलिमीटर! रोडबाइकच्या ११ गिअरांच्या कॅसेटला हबवर लागणारी जागा ८, ९, १०वाल्यांपेक्षा तेवढी जास्त असते. दोन मिलिमीटरही नाही. पण तेवढ्यासाठी नवा हब. नव्या हबसाठी सगळे स्पोक काढून पुन्हा विणत बसण्यापेक्षा नवं चाक. एकच चाक नवं बरं दिसत नाही, म्हणून जोडी. आणि जोडीच घ्यायची तर डिस्कवाली का नको? कारण माझ्या फ्रेमला डिस्क ब्रेक अडकवायला जागाच नाही, शिवाय मागच्या बाजूला दोन पट्ट्यांतलं अंतर १३० मिलिमीटर आणि हल्लीच्या डिस्कवाल्या चाकांना लागतं १४२. म्हणजे फ्रेम नवी. फ्रेम नवी झाल्यावर जुन्या सायकलीचं काय उरतं? घंटी आणि बाटलीचा पिंजरा.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, “स्वयंपाकघरातला नळ आठवतो?” नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. नळाबरोबर सिंक निघालं, सिंकबरोबर ओटा, ओट्याबरोबर फरश्या, आणि पुढचा महिनाभर आम्ही हॉलमध्ये इंडक्शनवर खिचडी खाल्ली. मी विषय बदलला.

मग ग्रुपमधल्या एका इंजिनिअरने आशा लावली. म्हणाला, ११ गिअरांची असली तरी ११-३४ची (लहान चक्राला ११ दाते, मोठ्याला ३४) रोड कॅसेट जुन्या हबवर बसते; तिचं सगळ्यात मोठं चक्र आत स्पोकांकडे झुकलेलं असतं, त्यामुळे ते १.८५ मिलिमीटर हबवर लागतच नाहीत. मी त्याच पावली चाचांकडे. चाचा म्हणाले, “बसते की.” मग काल का नाही सांगितलं? “तुम्ही कितीने अडतंय ते विचारलं होतं. अडत नाही ते कुठं विचारलं?”

चाकं वाचली, तर मी एक्सेल उघडलं. रकाना अ : जुनी सुधारणे. रकाना ब : नवी घेणे. हिशेब निःपक्षपाती ठेवायचा, असा माझा निर्धार होता. रकाना अ मध्ये शिफ्टर, दोन डिरेलर, कॅसेट, चेन, ब्रेक, तारा आणि चाचांची मजुरी असं सगळं मांडल्यावर बेरीज सायकलीच्या मूळ किमतीच्या आसपास गेली. त्यात मी चाचांकडे जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि तिथे होणारा चहाही धरला. रकाना ब मध्ये नवी सायकल पावणेदोन लाखांची. त्यातून जुनीची विक्री वजा. सप्टेंबर २०२५मध्ये सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५वर आला, म्हणून ते सात टक्के उत्पन्न म्हणून जमा. नवी सायकल पहिली दोन वर्षं काही मागत नाही, म्हणून देखभालीची बचतही जमा. जिम लावावी लागणार नाही, ती फी जमा. मी आजवर जिम कधीच लावलेली नाही, पण लावली असती.

हा तक्ता मी आमच्या सीए मित्राला दाखवला. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, “अशी फाइल मी एका क्लायंटची पाहिली होती. त्याला नंतर नोटीस आली.” वर त्याने तिसरा रकाना घातला : ‘काहीच न करणे’. खर्च शून्य. असल्या माणसांमुळे देशात कुणी काही विकत घेत नाही.

विक्रीचा आकडाही फुगीर निघाला. जाहिरात टाकल्यावर एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना मुलाला क्लासला जायला सायकल हवी होती. हँडल सरळ करून मिळेल का आणि मागे कॅरिअर लावून देणार का, एवढंच त्यांनी विचारलं. त्या मुलाचं भलं होवो, पण मी जाहिरात काढली.

एकच हुकमी पत्ता उरला : वजन. शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको, असा नियम आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० साली केला. माझी साडेदहा किलोची, त्यामुळे माझ्या हातून तो मोडण्याची भीती नाही. नवी साडेआठची, म्हणजे सरळ दोन किलोंचा फायदा! इंजिनिअरने लगेच गणित केलं. मी, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून ९६ किलो. त्यातले दोन गेले, म्हणजे दोन टक्के. घाटाला तासभर लागत असेल, तर सव्वा मिनिट वाचेल. “पावणेदोन लाखांत ७५ सेकंद,” तो म्हणाला. परतीच्या वाटेवर मिसळीच्या हॉटेलात नंबर लागायला वीस मिनिटं उभं राहावं लागतं, तिथे कुणी सेकंद मोजत नाही. शिवाय दीड लिटर पाणी प्यायलो नाही तर दीड किलो तसंही कमी होईल, अशी सूचना त्याने केली. मी ती गंभीरपणे विचारात घेतली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

शेवटी आठाचे आठच ठेवले. क्लॅरिसचाच लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर घेतला, कारण ३४ दात्यांपर्यंत तो पोहोचतो. मागे ११-३४ची आठवाली कॅसेट, नवी चेन, सगळ्या तारा आणि त्यांच्या नळ्या. खरं सांगायचं तर निम्मा फरक तारांनीच पडला. आठ गिअरांची बदनामी बरीचशी गंजक्या तारांमुळे होते. २८ मिलिमीटर रुंदीचा टायर पुढे बसला, मागे ब्रेकला चाटायला लागला, म्हणून मागे २५चाच ठेवला. आता पुढे ३४, मागे ३४ : पायडलाची एक फेरी, चाकाची एक फेरी, दोन मीटरच्या थोडं पुढे. नांदुरीच्या घाटात हे पुरतं. वेग तोच आहे, फक्त आता बाजूच्याशी बोलता येतं, आणि डॉक्टरांना ते फारसं आवडलेलं नाही. बिल दहा हजारांच्या आत बसलं. बायकोने पावती दोनदा पाहिली, मागची बाजूही पाहिली.

परवा सर्व्हिसिंगला गेलो होतो. चाचांनी मागचं चाक काढून कानाशी धरलं आणि फिरवलं. “हबमधून आवाज येतोय, साहेब. आत्ता काही नाही. पावसाळ्यापर्यंत चालेल.” मग चाक खाली ठेवत म्हणाले, “पण बदलायचंच झालं, तर अकरावालं टाकू. आठाची कॅसेट त्याच्यावर वॉशर टाकून बसते. पुढे-मागे उपयोगी पडेल.”

घरी येऊन मी एक्सेलमध्ये चौथा रकाना काढला आणि सगळ्यात वर लिहिलं : ‘चाक – अनिवार्य’.