सोफ्यावरून विम्बल्डन कसं जिंकावं

टेनिसपटूचा भक्त व्हायचं ठरवलंत? छान. मग आधी एक काम करा. घरात रॅकेट असेल तर ती माळ्यावर टाका. खेळणाऱ्या माणसाच्या हातून निस्सीम भक्ती होत नाही. ज्याने आयुष्यात एकदा जरी दुसरी सर्व्हिस जाळ्यात मारली असेल, त्याला दुसऱ्याची डबल फॉल्ट बघून कणव येते, आणि आपल्याला तर संताप यायला हवा. "अरे, शेंबडं पोर मारेल हा शॉट!" हे वाक्य न अडखळता तोंडातून निघायचं तर हाताला रॅकेटचा स्पर्श झालेला नसावा.

दैवत निवडताना घाई करू नका. त्याला पाच-सहा ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांतली विजेतेपदं, जिंकू द्या, मग निवडा. निवडल्यावर मात्र भक्तीची तारीख लगेच मागे ढकलायची. माझं दैवत फेडरर, म्हणून त्याचंच सांगतो. २००१ च्या विम्बल्डनला चौथ्या फेरीत, शेंडी बांधलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने सॅम्प्रसला पाच सेटमध्ये घरी पाठवलं. मला आजवर भेटलेल्या प्रत्येक फेडररभक्ताने ती मॅच थेट पाहिलेली आहे. तो सोमवार होता, ऑफिसं चालू होती, तरी पाहिलेली आहे. मीही पाहिली. "तेव्हा आपल्याकडे केबल कुठे होती?" असं बायको विचारते, पण ती या क्षेत्रातली नाही.

दुहेरीतलं दैवत शक्यतो घेऊ नका. रोहन बोपण्णा २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला, जगात पहिल्या क्रमांकावर बसला. आनंद आहे. ग्रुपवर एक तिरंगा टाका आणि एकेरीकडे वळा.

व्याकरण सांभाळा. दैवत जिंकलं की कर्तरी प्रयोग: 'आपण जिंकलो.' हरलं की कर्तरी वर्ज्य. 'फेडरर हरला' असं खरा भक्त म्हणत नाही, 'आपल्याला हरवण्यात आलं' म्हणतो. कुणी हरवलं? कोर्टाने, वाऱ्याने, ड्रॉ काढणाऱ्यांनी, फारच झालं तर पाठदुखीने. समोरच्या माणसाचा यात काही हात होता हे शेवटपर्यंत कबूल करायचं नाही.

पंचांगही बदलेल. मेलबर्नची फायनल आपल्याकडे दुपारी दोनला, म्हणजे रविवारच्या जेवणावर. पॅरिसची तिन्हीसांजेला साडेसहाला. न्यूयॉर्कचं रात्रीचं सत्र पहाटे साडेचारला, काकड आरतीच्या मुहूर्तावर. सप्टेंबरात ऑफिसात डोळे तांबडे घेऊन गेलात तर 'ताप आहे' म्हणा. 'क्वार्टर फायनल होती' म्हटलं की लोक विचारतात, भारताचं कोण होतं?

आता मुख्य विधी. नदाल खुर्चीपुढे पाण्याच्या दोन बाटल्या मांडायचा. एकीमागे एक, तिरक्या, लेबलं नेमक्या दिशेला. सर्व्हिसआधी चड्डी ओढायची, मग खांदे, नाक, कान. चालताना रेघेवर पाय पडू द्यायचा नाही. लोक हसायचे त्याला. पण तो निदान स्वतःच्या बाटल्या मांडत होता. आपल्याला घरातली माणसं मांडायची असतात, आणि बाटल्या उठून 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणत नाहीत.

उदाहरणादाखल आमच्या घरचा जुलै २०१९ घ्या. बुधवारी धोनी रनआउट झाला आणि भारत वर्ल्ड कपमधून बाहेर पडला. तो दोष आमच्या सोफ्याचा नाही, मी तेव्हा मेहुण्याकडे होतो. शुक्रवारी, १२ तारखेला, आषाढी एकादशी. आणि त्याच दिवशी विम्बल्डनची सेमीफायनल, फेडरर विरुद्ध नदाल. मी खिचडी खाऊन सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसलो, मांडीवर उशी. चिरंजीव खाली सतरंजीवर, पाठ कपाटाला. चार सेटमध्ये फेडरर जिंकला. जाणकारांनी श्रेय त्याच्या बॅकहँडला दिलं. साबुदाण्याचं नाव एकानेही घेतलं नाही.

रविवारी फायनल, समोर जोकोविच. तोच शर्ट, तोच कोपरा, तीच उशी. खरं तर उपासही पुढे चालवायला हवा होता, पण द्वादशीला पारणं करून बसलो होतो. ही पहिली चूक. लंडनमध्येच लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंडची वर्ल्ड कप फायनल चाललेली, तिकडे आम्ही चॅनल फिरवलं नाही. सामना पाचव्या सेटला गेला. आठ-सात, सर्व्हिस फेडररची, चाळीस-पंधरा. दोन चँपियनशिप पॉइंट, म्हणजे यातला एक घेतला की विम्बल्डन आपलं. बाहेर पाऊस कोसळत होता. मी श्वास धरला होता. आणि अशा घटकेला बायको कांदाभज्यांची ताटली घेऊन आली.

"अहो, गरम आहेत तोवर घ्या."

चिरंजीव सतरंजीवरून उठला.

पुढचं जगाला ठाऊक आहे. एक फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्या पॉइंटला फेडरर जाळ्याकडे धावला आणि जोकोविचने चेंडू त्याच्या बाजूने तिरका काढला. मग बारा-बारा बरोबरी, मग निकाल लावणारा टायब्रेक, एकूण ४ तास ५७ मिनिटं, आणि आपल्याला हरवण्यात आलं. त्या सामन्यात फेडररने २१८ पॉइंट घेतले, जोकोविचने २०४. चौदा पॉइंट जास्त घेऊनही माणूस हरतो. याचं उत्तर टेनिसच्या मोजणीतच आहे म्हणतात, कोणता पॉइंट कधी घेतला त्याला महत्त्व. तिन्ही टायब्रेक जोकोविचने नेले, वगैरे. पण या उत्तरात भजी कुठेच बसत नाहीत, म्हणून मी ते स्वीकारलेलं नाही.

"बाबा, २०११ मध्ये न्यूयॉर्कला सेमीफायनलला पण चाळीस-पंधराच होतं ना? आणि तेही यांच्यातच? तेव्हा कुठे भजी होती?" बारा वर्षांचा मुलगा बापाला असं विचारतो. मुलांना आकडे फार लवकर शिकवू नका, एवढंच सांगेन.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर मोजपट्टीचं बघू. भक्ताकडे मोजपट्टी असावी, पण ती कपड्याच्या दुकानातल्यासारखी लाकडी नको, शिंप्याच्या टेपसारखी हवी, गळ्यात टाकता येईल आणि वेळेला गुंडाळता येईल अशी. २०१८ मध्ये फेडररची वीस ग्रँड स्लॅम झाली तेव्हा थोरवीचं माप उघड होतं, वीस. जोडीला पहिल्या क्रमांकाचे ३१० आठवडे. मार्च २०२१ मध्ये जोकोविचने आठवड्यांचा विक्रम मोडला. त्या दिवसापासून आठवडे मोजणं हे गवळ्याच्या हिशेबासारखं क्षुद्र काम ठरलं. जानेवारी २०२२ मध्ये नदालची एकविसावी झाली, तसं ग्रँड स्लॅम मोजणं कारकुनी ठरलं. समोरासमोरच्या लढती तर आम्ही पहिल्यापासूनच मोजत नव्हतो, कारण नदालशी १६-२४ आणि जोकोविचशी २३-२७. आता नदाल बावीस, जोकोविच चोवीस, आणि आम्ही सौंदर्यावर येऊन थांबलो आहोत. सौंदर्याचा विक्रम मोडत नाही. भिंतीवरच्या सरस्वतीला कुणी रँकिंग विचारतं का?

इतर पंथांशी कसं वागावं, तेही थोडक्यात सांगतो. नदालचा भक्त भेटला की तो तांबड्या मातीचा विषय काढणार. पॅरिसमध्ये ११६ सामन्यांत ११२ विजय, १४ विजेतेपदं. कोल्हापूरचा असेल तर त्याला हा घरचा आखाडाच वाटतो. त्याला शांतपणे सांगा, ती माती नसतेच मुळी, विटांचा चुरा असतो, पातळ थर. हे खरं आहे, आणि त्याने वादात काहीच सिद्ध होत नाही, म्हणून फार उपयोगी पडतं. जोकोविचचा भक्त मात्र टाळा. त्याचा माणूस सगळे आकडे जिंकून बसलाय, आणि तरी भक्ताची तक्रार आहेच की जगाने प्रेम केलं नाही. आकडेही त्याचे आणि गाऱ्हाणंही त्याचंच. आपल्याला मग उरतं काय?

अपमान शोधायला शिका. २०१४ च्या विम्बल्डनला सचिन रॉयल बॉक्समध्ये बसला होता. शारापोव्हाला कुणी त्याच्याबद्दल विचारलं आणि ती म्हणाली, मला माहीत नाही हा कोण. झालं! सायबेरियात जन्मून फ्लोरिडात टेनिस शिकलेल्या मुलीला मुंबईचा बॅट्समन माहीत नाही, एवढ्यावर हजारो भारतीय तिच्या फेसबुकवर तुटून पडले. त्यातल्या बहुतेकांना ती डावरी की उजवी हे सांगता आलं नसतं. भक्ती म्हणतात ती ही.

आणि या सगळ्याच्या पुढे गेलेला एक भक्त होता. ३० एप्रिल १९९३, हॅम्बुर्ग. मोनिका सेलेस, वय १९, जगात पहिली, आठ ग्रँड स्लॅम खिशात. मॅग्दालेना मालीव्हाविरुद्ध जिंकत आलेली, बाजू बदलताना खुर्चीत विसावली होती. प्रेक्षकांतून स्टेफी ग्राफचा एक चाहता उतरला आणि त्याने तिच्या पाठीत सुरी खुपसली. त्याला ग्राफ पुन्हा पहिली यायला हवी होती. आली. जूनमध्येच आली. न्यायालयाने त्याला दोन वर्षांची शिक्षा दिली आणि तीही स्थगित ठेवली. सेलेस दोन वर्षांहून जास्त काळ खेळलीच नाही, परतल्यावर तिला आणखी एकच ग्रँड स्लॅम मिळालं. आपण सगळे उशा, शर्ट आणि साबुदाणा घेऊन निकाल बदलायला बसतो. निकाल खरोखर बदलून दाखवणारा चाहता मला तरी हा एकच माहीत आहे. ग्राफने त्याला काही सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं. दैवताला विचारायची पद्धत आपल्यातही नाही.

असो. भजी निवतील.

पुण्यात राहत असाल तर एक पथ्य कडक पाळा: बालेवाडीला जायचं नाही. २०१८ ते २०२३ या काळात तिथे महाराष्ट्र ओपन पाच वेळा झाली, एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या जागतिक दौऱ्यातली, खरीखुरी. २०१९ ची फायनल केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा फूट अकरा. तिन्ही सेट टायब्रेकला गेले. सर्व्हिस अशा यायच्या की जणू पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून कुणी नारळ फेकतंय. हे मला ऐकून माहीत आहे. मी गेलो नाही, हिंजवडीच्या बाजूला ट्रॅफिक फार. विम्बल्डनला जायला साउथफील्ड्स स्टेशनवर उतरायचं हे मात्र मी झोपेतही सांगेन. तीच गोष्ट ऋतुजा भोसलेची. २०२३ मध्ये हांगझाऊ एशियाडला बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत सुवर्ण घेऊन आली. आपली मुलगी, आपल्याच भाषेत बोलणारी. उद्या ती बालेवाडीत सराव करताना दिसली तर जाळीपलीकडे उभं राहून बघायला पैसे लागणार नाहीत. म्हणूनच बघू नये. जे दैवत रिक्षाने गाठता येतं, त्याच्यासाठी पहाटे साडेचारला कोण उठणार?

एक दिवस दैवत निवृत्त होईल. माझं सप्टेंबर २०२२ मध्ये झालं, लंडनला, लेव्हर कपमध्ये, नदालला जोडीला घेऊन. तिथेही एक मॅच पॉइंट मिळाला होता. तिथेही आपल्याला हरवण्यात आलं. आपल्याकडे पहाट होत आलेली, भज्यांचा संबंध नव्हता, मी तपासलं. फेडरर रडला, बाजूला बसून नदाल रडला, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात मी रडलो. फोटो नदालचा छापून आला.

अशा वेळी चारचौघांत जाहीर करायचं, की आता आपण फक्त खेळ बघतो, कुणाचे भक्त नाही. मी जाहीर केलं. ८ जून २०२५ ला पॅरिसची फायनल लागली, सिनर आणि अल्काराझ, तेव्हा मी फक्त खेळ बघत होतो. डाव्या कोपऱ्यात बसून, मांडीवर उशी घेऊन, सिनर जिंकावा म्हणून. चिरंजीव आता अठराचा, तरी सतरंजीवर, पाठ कपाटाला. सिनर दोन-एकने पुढे. चौथ्या सेटमध्ये पाच-तीन, सर्व्हिस अल्काराझची, शून्य-चाळीस. सिनरला तीन चँपियनशिप पॉइंट.

स्वयंपाकघरातून तेलात काहीतरी सोडल्याचा आवाज आला.

मी ओरडणार तोवर बायको ताटली घेऊन दारात उभी होती. सहा वर्षं ती या घरात 'विम्बल्डन घालवणारी बाई' म्हणून राहिली होती. पाहुण्यांसमोर, दिवाळीत, तिच्या आईसमोरसुद्धा. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहिलं, स्कोअर वाचला, आणि म्हणाली, "ऊठ रे, गरम आहेत तोवर घे."

चिरंजीव उठला. एक पॉइंट गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ५ तास २९ मिनिटं चालली ती फायनल. मध्यरात्रीच्या सुमारास अल्काराझ मातीत आडवा पडला, तेव्हा बायको माझ्या सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसली होती. तिथे ती कधी येऊन बसली, मला कळलंच नव्हतं.

"तू अल्काराझची कधीपासून?" मी विचारलं.

"मी फक्त खेळ बघते," ती म्हणाली आणि रिकामी ताटली उचलून आत गेली. "विम्बल्डनला बटाट्याची करून बघू."