शेवटच्या दोन मिनिटांतही फाऊल तो फाऊलच

पुण्यातल्या बास्केटबॉलच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सामना एक-दोन गुणांवर आला की शेवटच्या दोन मिनिटांत पंचांनी शिट्टी खिशात ठेवावी. निकाल खेळाडूंना लावू द्या.’ परवा डेक्कन जिमखान्याच्या कोर्टाबाहेर दोन पालकही हेच बोलत होते. मी शाळकरी मुलींना शिकवते, अधूनमधून सामन्यांत पंच म्हणूनही उभी राहते. मला हे म्हणणं साफ चुकीचं वाटतं.

मेसेजचा पहिला मुद्दा: शिट्टी वाजली की निकाल पंच लावतो. मग न वाजल्यावर कोण लावतो? २८ जानेवारी २०२३, बॉस्टन. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले लेकर्स आणि सेल्टिक्स १०५-१०५ अशा बरोबरीत, शेवटचे काही क्षण. लेकर्सचा लेब्रॉन जेम्स लेअपसाठी, म्हणजे बास्केटजवळून बॉल टाकायला, आत घुसला, सेल्टिक्सच्या जेसन टेटमने त्याच्या हातावर फटका मारला, शिट्टी वाजली नाही. सामना जादा वेळेत गेला आणि सेल्टिक्सने तो १२५-१२१ असा जिंकला. फाऊल द्यायला हवा होता, हे पंचांनी सामना संपल्यावर मान्य केलं. त्या रात्री शिट्टी गप्प होती, आणि निकाल त्या गप्प राहण्यानेच बदलला.

हे माझ्या मुलींनीही भोगलंय. आम्ही एका गुणाने मागे होतो. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी मुलगी, बेसलाइनवरून आत शिरली, तिने बॉल वर टाकला आणि तिच्या मनगटावर बसलेली चापट बेंचपर्यंत ऐकू आली. शिट्टी नाही. नंतर पंच म्हणाले, ‘शेवटचं होतं, म्हणून सोडून दिलं.’ परतताना तिने मला विचारलं, ‘ताई, पहिल्या क्वार्टरमध्ये ह्यालाच फाऊल दिला होता ना?’ दिला होता. त्या दिवशी दोन्ही संघांतल्या मुली एकच गोष्ट शिकल्या: शेवटी मारलं तरी चालतं. अशाने पाय हलवून, आधी जागेवर पोचून बचाव करणाऱ्या मुलीच्या मेहनतीला काही अर्थच राहत नाही. जी मागे पडते आणि हात टाकते, तिचा फायदा होतो.

दुसरा मुद्दा असा की शेवटची मिनिटं वेगळी असतात, तिथे थोडी धक्काबुक्की चालायचीच. ती मिनिटं वेगळी असतात हे फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेलाही मान्य आहे. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबतं. उत्तरार्धातल्या तीन टाइमआउटपैकी तिथे दोनच घेता येतात. २०२२ पासून तर थ्रो-इनचा, म्हणजे रेषेबाहेरून आत टाकायचा बॉल हातातून सुटण्याआधीच बचाव करणाऱ्याने फाऊल केला, तर समोरच्या संघाला एक फ्री थ्रो (लाइनवरून, कुणी न अडवता टाकायचा शॉट) मिळतो आणि वर बॉलही त्यांचाच. म्हणजे नियम करणाऱ्यांनी शेवटच्या मिनिटांचा वेगळा विचार केला तेव्हा फाऊलच्या बाबतीत ते जास्त कडक झाले. सूट कुठेच दिलेली नाही. निसटता, कुणाचंच काही न बिघडवणारा स्पर्श सोडून द्यावा, हे मलाही पटतं. पण मग तो तिसऱ्या मिनिटालाही सोडायला हवा.

शेवटी शिट्ट्याच फार वाजतात, ही तक्रार खरी आहे. पण त्यातल्या पुष्कळशा मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम ओढवून घेतो.

मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा चुकीच्या शिट्टीचा आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. १९८८ च्या एनबीए फायनलचा सहावा सामना. डेट्रॉइट एका गुणाने पुढे, १४ सेकंद बाकी. लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारच्या शॉटवर डेट्रॉइटच्या बिल लेम्बीअरला फाऊल दिला गेला. त्या फाऊलवर आजही वाद होतो. करीमने दोन्ही फ्री थ्रो घातले, लेकर्स १०३-१०२ ने जिंकले आणि पुढे सातवा सामनाही. अशी शिट्टी सलते, सलणारच. पण म्हणून पंचाने डोळे मिटायचे? एनबीएने उलटी वाट धरली. २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतले निर्णय तपासून अहवाल जाहीर होतो, आणि न दिलेला फाऊलही त्यात चूक म्हणून नोंदला जातो. २०१९-२० च्या हंगामापासून कोचला फाऊलच्या निर्णयाला आव्हानही देता येतं. आपल्या शालेय सामन्यांत कॅमेरे नाहीत, पण पंचांचं प्रशिक्षण आणि बॉलपासून दूर काय चाललंय ते पाहणारा तिसरा पंच, एवढं तर आपण मागू शकतो.

राहिलं ‘फ्री थ्रोवर जिंकणं खरं जिंकणं नव्हे’ हे मेसेजमधलं वाक्य. ते वाचून मला सर्वांत जास्त राग आला. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या मूळ तेरा नियमांत एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले की समोरच्या संघाला सरळ एक गोल मिळायचा. फाऊलची किंमत गुणांत मोजणं या खेळात पहिल्यापासून आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक फायनलमध्ये तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सला इतक्या जोरात पाडलं की तो बास्केटच्या खांबाखाली जाऊन आदळला. तो उठला, लाइनवर उभा राहिला आणि दोन्ही फ्री थ्रो घालून अमेरिकेला ५०-४९ असं पुढे नेलं. नंतरच्या वादग्रस्त सेकंदांत तो सामना गेला, पण ते दोन गुण त्याने कमावले नव्हते असं कोण म्हणेल?

आमच्या पॉइंट गार्डलाही तेच दोन फ्री थ्रो मिळायला हवे होते. तिने ते घालवलेही असते कदाचित. रोज सराव संपताना, पळून पळून धाप लागलेली असताना, ती लाइनवर उभी राहून दोन-दोन टाकते, ते त्याच क्षणासाठी.