टर्बो पाहावा बदलून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, एवढे सांगून आपले पूर्वज थांबले, कारण त्यांच्याकडे टर्बो असलेली डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह गाडी नव्हती. तुमच्याकडे ती आहे. गेले काही आठवडे ती लांब चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना अचानक दम सोडते. इंजिनचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. आणि गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद करून पुन्हा चालू केली, की काही झालेच नव्हते अशा थाटात ती पुन्हा ओढू लागते. असा अधूनमधून येणारा बिघाड कसा हाताळावा, याची अनुभवाने सिद्ध झालेली पद्धत पुढे देत आहे. तिचा मुख्य नियम असा, की काहीही मोजू नये.

किल्ली फिरवल्यावर गाडी बरी होते, यात खरे तर एक सुगावा असतो. धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोकडून मागितलेला हवेचा दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांत काही काळ मोठी तफावत दिसली, की इंजिनाचा संगणक इंजिन वाचवण्यासाठी इंधनाला आणि टर्बोला आवर घालतो, म्हणजेच गाडी लिंप मोडमध्ये जाते, आणि पुष्कळ गाड्यांत किल्लीच्या पुढच्या फेरीला हे बंधन आपोआप उठते. याचा अर्थ, तुम्हाला जाणवलेली ताकद जाणे हा मूळ बिघाड नसतोच. तो आधी काही सेकंद घडून गेलेला असतो आणि संगणकाने त्याला दिलेले उत्तर तेवढे तुमच्या पायाला कळते. परंतु हा विचार मनात आणू नका. एकदा तो आला, की त्या काही सेकंदांत काय घडले हे पाहण्याचा मोह होतो आणि टर्बो बदलायचे राहून जाते.

संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावायला हरकत नाही, मात्र साठवलेले बिघाडाचे कोड वाचण्यापूर्वी पुसून टाकावेत. कोडबरोबर संगणक त्या क्षणाची नोंदही जपून ठेवतो: इंजिनाचे फेरे किती होते, गाडीचा वेग किती, पाण्याचे तापमान किती, भार किती. कोड पुसला की ही नोंदही जाते, पाटी कोरी होते आणि आपण काहीतरी दुरुस्त केल्याचे समाधान मिळते. चुकून कोड वाचलाच आणि तो पी०२९९ निघाला, तर त्याचा अर्थ ‘दाब अपेक्षेपेक्षा कमी’ एवढाच आहे, हे मनावर घेऊ नये. त्याचा अर्थ ‘टर्बो गेला’ असाच लावावा. पी०२३४, म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा जास्त, असे निघाले तरीही टर्बोच गेला आहे. आणि पी००८७, म्हणजे रेलमधील (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतील) इंधनाचा दाब कमी, असे निघाले तर स्कॅनर बिघडला आहे असे समजून दुसरा आणावा.

काही चाचण्या इतक्या सोप्या आहेत, की त्या केल्याने माणसाची प्रतिष्ठा कमी होते. उदाहरणार्थ, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू केली, तर दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा, म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १०१ किलोपास्कल आणि हजार मीटर उंचीवर सुमारे ९०. तो भलताच आकडा दाखवत असेल, तर इंजिन चालू झाल्यावरच्या त्याच्या कोणत्याही साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि खर्च काहीच येत नाही, त्यामुळे ती कोणी सुचवत नाही.

आता ट्रायलविषयी. गाडी उभी करावी, बॉनेट उघडावे, न्यूट्रलमध्ये जोरजोरात रेस द्यावी आणि सर्वांनी इंजिनाकडे गंभीरपणे पाहत राहावे. उभ्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बोला फारसे काम पडत नाही आणि बिघाड हमखास प्रकट होत नाही. ज्या चढावर गाडी दम सोडते, त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, पंधराशे फेऱ्यांपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्कॅनरवर नोंद घेण्याचा आगाऊपणा कोणी केलाच, तर त्याला मागितलेला आणि मिळालेला हवेचा दाब, तसेच मागितलेला आणि मिळालेला इंधनाचा दाब, या चारच रेषा निवडू देऊ नका. त्याला चाळीस आकडे एकदम निवडायला लावा, म्हणजे बहुतेक स्कॅनरवर प्रत्येक आकडा इतका सावकाश बदलेल, की ज्या क्षणी एक रेष दुसरीपासून सुटली तो क्षण दोन नोंदींच्या मधल्या फटीत नाहीसा होईल. अन्यथा कोणती रेष आधी खाली आली हे दिसते, हवा कमी पडली की इंधन कमी पडले हे एका ट्रायलमध्ये कळते, आणि अर्धे इंजिन संशयातून सुटते. संशयितांची संख्या अशी घटवणे दुकानदारीच्या दृष्टीने योग्य नव्हे.

मागून येणाऱ्या गाडीतील मित्राला धुराविषयी विचारू नये, हे ओघानेच आले. ताकद जाण्याच्या जरा आधी काळ्या धुराचा लोट निघाला, तर इंधन येत होते आणि हवा कमी पडली. धूर न निघताच गाडी मंदावली, तर इंधनाकडे पाहावे लागते, आणि इंधनाकडे पाहायचे म्हणजे फिल्टर, त्यात साठलेले पाणी, टाकीतील कचरा, असल्या क्षुद्र गोष्टींत शिरावे लागते. चिखलातून आणि पाण्यातून गाडी घालणाऱ्यांच्या बाबतीत तर टाकीचा श्वासमार्ग चिखलाने बुजलेला असू शकतो. टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाज होतो आणि नंतर गाडी काही काळ उत्तम चालते. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून झाकण उघडताना गाणी लावून ठेवावीत.

गाडीवर मोठे टायर, पुढे विंच, वर लोखंडी कॅरिअर आणि कॅरिअरवर दुसरे बिऱ्हाड चढवले असेल, तर त्याचा उल्लेख मिस्त्रीजवळ करू नये. तसेच कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी फोर-व्हीलमध्येच राहिली होती, पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडत होती, आणि म्हणूनच गाडी ‘ओढत नव्हती’, हे कळले तरी आपसांतच ठेवावे.

आता हवेच्या वाटेकडे वळू, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते, म्हणजे टर्बो विकणाऱ्याचे. इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, जाड रबरी पाइपला खालच्या बाजूने चीर पडली, तर ती हाताला लागत नाही. आत वातावरणाच्या वर एक बारपर्यंत दाब चढला की ती ओठांसारखी उघडते आणि दाब उतरला की मिटते. तिच्याभोवती तेलाचा ओलसर डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते. म्हणून मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी इंजिन स्वच्छ धुऊन न्यावे. पाहुण्यांच्या घरी जाताना आपणही आंघोळ करूनच जातो. टर्बोच्या आधीचा, ओढीच्या बाजूचा पाइप आतून सुटला असेल, तर तो पूर्ण रेसला चपटा होऊन हवा अडवतो आणि इंजिन बंद करताच फुगून निरागस चेहऱ्याने बसतो. त्याला बॉनेट उघडून पाहणाऱ्यांना तो नेहमी गोलच दिसतो.

हे सर्व मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. माझ्या गाडीसाठी मी ही पद्धत तंतोतंत पाळली आहे. आधी हवा मोजणारा सेन्सर बदलला, कारण तो एका बोल्टवर निघत होता. मग ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, काढून त्यातील काजळी खरवडली. ती खूप निघाली, त्यामुळे काहीतरी सापडल्याचा आनंद दोन दिवस टिकला. त्यानंतर टर्बो बदलला. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हा आपण इंजिनाची ताकद वाढवत आहोत एवढेच त्याला ठाऊक होते. चोर सोडून सुळी देण्यासाठी एक हक्काचा संन्यासी आपण निर्माण करत आहोत, याची त्याला कल्पना नसावी. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या या बिचाऱ्याचा आस धरून आडवा हलवला तर तो किंचित खुळखुळतो, कारण चालू असताना तेथे तेलाचा थर असतो. तो खुळखुळ दाखवून मला सांगण्यात आले, की ‘बघा, गेलाय’. आस पुढे-मागे हलतो का, हे मी पाहिले नाही. पद्धतीत ते बसत नव्हते.

नवा टर्बो बसवल्यावर तिसऱ्या दिवशी, त्याच चढावर, तिसऱ्याच गिअरमध्ये गाडीने दम सोडला.

त्यानंतर एका वयस्कर मिस्त्रीने नियमभंग केला. त्याने टर्बोच्या पाती फिरवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी, करंगळीहून बारीक अशी व्हॅक्यूमची रबरी नळी बोटाच्या चिमटीत धरली आणि टोकाशी जरा वाकवली. जिथे ती नळी नोझलवर चढते, तिथे नखाएवढी चीर होती. सरळ ठेवली की मिटलेली, वाकवली की उघडी. त्याने मला अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच किंचित सोडायला सांगितले. इंजिन जोर लागताच माउंटिंगवर एका बाजूला कलले, नळी ताणली गेली आणि चिरेने जबडा पसरला. चढावर हेच होत होते: व्हॅक्यूम निसटत होता, पाती उघड्या पडत होत्या, दाब येत नव्हता, संगणक रुसत होता, आणि गाडी बाजूला घेतली की इंजिन सरळ होऊन चीर पुन्हा मिटत होती. हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप लावून, अ‍ॅक्च्युएटरचा दांडा अडखळत नाही ना आणि पंपावरचा काटा मिनिटभर जागेवर राहतो ना, एवढे पाहिले असते तर पहिल्याच दिवशी हे कळले असते. मिस्त्रीने नळीचे टोक इंचभर कापले, उरलेली नळी पुन्हा नोझलवर दाबून बसवली आणि नवी नळी मिळेपर्यंत चालेल असे सांगितले.

तुम्ही मात्र असल्या शॉर्टकटच्या नादी लागू नका. पद्धत पूर्ण करा, आणि काढलेला जुना टर्बो भंगारात न देता घरी आणा. माझा मी पुस्तकांच्या फळीवर ठेवला आहे. येता-जाता बोटाने टिचकी मारली, की त्याचा पंखा अजूनही किती वेळ फिरत राहतो.