पगार मिळो न मिळो

कॅलिफोर्नियात नोकरी गेली की सुरुवातीला फार हलकं वाटतं. रोज सकाळची ती स्टँडअप मीटिंग नाही, 'काल काय केलंस, आज काय करणार, अडलंय कुठे' हे विचारणारा मॅनेजर नाही. आपण आता कुणाला बांधील नाही, अशा थाटात मी चहाचा दुसरा कप घेऊन अंगणात बसायला लागले होते. तेवढ्यात बेकारी भत्त्याचं पहिलं सर्टिफिकेशन, म्हणजे भत्ता चालू ठेवण्यासाठी भरायचा फॉर्म, आलं. मॅनेजर निदान माझ्या उत्तराच्या वेळी दुसऱ्या स्क्रीनवर ईमेल वाचायचा. हे भत्त्याचं सरकारी खातं लक्ष देऊन ऐकतं.

दर दोन आठवड्यांनी ऑनलाइन जाऊन, प्रत्येक आठवड्याची वेगवेगळी उत्तरं द्यायची. आजारी होतात का? पूर्ण वेळ काम मिळालं असतं तर करता आलं असतं का? काम शोधलंत का? मिळत असलेलं काम नाकारलंत का? (नवऱ्याने गॅरेज आवरायला सांगितलं होतं, ते मी धरलं नाही.) शाळेत नाव घातलंत का? इथपर्यंत माणूस फटाफट टिक मारत जातो. मग येतो तो सहावा प्रश्न. या आठवड्यात तुम्ही काम केलंत का किंवा काही कमाई केलीत का, पैसे मिळाले असोत वा नसोत?

पैसे मिळाले असोत वा नसोत! लग्न झाल्यापासून मी नेमकं तेच काम करतेय, पण आजवर कुणी त्याचा अहवाल मागितला नव्हता. मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तसं नाही गं. या आठवड्यात केलेलं काम याच आठवड्यात दाखवायचं, पैसे पुढच्या महिन्यात आले तरी." प्रश्नाचा अर्थ खरंच तेवढाच आहे. पण त्याने जरा घाईने सांगितला.

सांगलीला आईला फोनवर हे सगळं समजावणं हे आणखी एक काम, तेही बिनपगारी. "म्हणजे सरकार घरी बसायचे पैसे देतं?" "आई, तो विमा असतो. कंपनी प्रत्येक माणसाच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर त्याचा कर भरते. इथे आपल्या पगारातून त्यासाठी एक सेंटही कापत नाहीत. न्यू जर्सीत वगैरे कापतात थोडे." आई जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे तुला घेतलं त्याच दिवसापासून काढायची तयारी चालू होती म्हण की."

भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर. हा आकडा २००५ पासून जागचा हललेला नाही. तेवढ्या काळात बे एरियातलं घरभाडं कुठल्या कुठे गेलं, कोथिंबिरीच्या जुडीनेसुद्धा प्रगती केली. बरं, या भत्त्यावर राज्याचा कर नसला तरी केंद्राचा आहे. जानेवारीत त्याचा रीतसर फॉर्म येतो, म्हणजे बेकार होतो याचीही पोचपावती. तरी माझी तक्रार नाही. ग्रीनकार्ड वेळेवर हातात पडलं होतं म्हणून हा भत्ता तरी नशिबी आला. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेलेली माणसं नवी नोकरी शोधायला मिळालेले साठ दिवस मोजत बसतात, त्यांना सहाव्या प्रश्नाचं अप्रूप वाटावं.

तर माझी कमाई. शेजारच्या मराठी घरातला मुलगा आठवीत, त्याला अल्जिब्रा जड जात होता. त्याची आई म्हणाली, "ताई, आता तुम्हाला वेळ आहे..." आणि स्वतःच जीभ चावून तासाला चाळीस डॉलर देऊ केले. मी बाणेदारपणे नाही म्हणणार होते. पण घराचा हप्ता बाणेदारपणा घेत नाही.

नियम असा. आठवडा रविवार ते शनिवार. कमाई सांगायची ती कापाकापीच्या आधीची. त्यातले पहिले २५ डॉलर किंवा एक चतुर्थांश कमाई, यातलं जे जास्त असेल ते सोडून देतात, उरलेलं भत्त्यातून वजा. लपवाछपवी करायची सोय नाही. कंपन्या नवीन माणूस घेतला की वीस दिवसांत सरकारला कळवतात, त्याच्याशी खातं ताडून बघतं. खोटं सापडलं तर जास्तीचे घेतलेले पैसे परत, वर ३० टक्के दंड आणि २३ आठवड्यांपर्यंत भत्ता बंद. चाळीस डॉलरसाठी एवढी जोखीम घेण्याइतकं माझं काळीज मोठं नाही. शिवाय दर वेळी शेवटी 'खोटं निघाल्यास खोट्या शपथेचा गुन्हा' या मजकुराखाली होकार द्यायचा असतो. तिथे आले की मला उगाचच लहानपणी देव्हाऱ्यातून पळवलेला पेढा आठवतो.

एका शनिवारी मी हाच नियम त्या पोराला गणित म्हणून घातला. त्याने पेन्सिलचं टोक चावत वहीवर तीन ओळी मांडल्या. एक तास, चाळीस डॉलर, पंधरा वजा, हातात पंचवीस. दोन तास, ऐंशी, पंचावन्न वजा, हातात पंचवीस. त्याने खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा पंचवीस. मग मान वर करून म्हणाला, "मावशी, म्हणजे दुसरा तास तू फ्री शिकवतेस?"

"तिसऱ्याचं बघ."

"पाच डॉलर." त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीची दया होती. "दॅट्स सो सॅड."

नवऱ्याच्या मते हे सॅड नाही. कापलेले पैसे बुडत नाहीत, मूळ शिलकीत राहतात, भत्ता तेवढा लांबतो. त्याने यासाठी एक्सेल उघडून रंगसुद्धा भरले. पण लांबतो म्हणजे काय, तर अजून काही आठवडे बेकार राहिलीस तर उपयोगी पडेल. बायकोला धीर द्यायची ही पद्धत फक्त इंजिनियर माणसालाच सुचू शकते.

पोराने करायचं ते केलं. घरी जाऊन सांगितलं. त्याची आई संध्याकाळी दारात. "अहो ताई, काय हे, फुकट शिकवताय?" मी म्हटलं, ते जाऊ दे, मला तुमचं पूर्ण नाव आणि पत्ता हवाय, फॉर्ममध्ये एम्प्लॉयर म्हणून लिहायला. तिचा चेहरा उतरला. मागून तिचा नवरा डोकावला. "आपण एम्प्लॉयर कधी झालो?"

दोघांत कुजबुज झाली. मग ती तोडगा घेऊन आली. "पैसे राहू देत ना. मी दर आठवड्याला श्रीखंड करून देत जाईन. ते कुठे कोण लिहितं?"

तिचं श्रीखंड मी खाल्लेलं आहे. चक्का रात्रभर बांधून, पुरणयंत्रातून काढून, केशर दुधात खलून घातलेलं. त्या क्षणी मी मनाने विकली गेले होते. पण मोबदला रोख नसला, राहण्याजेवणाच्या रूपात असला, तरी तोही दाखवायचा असतो, हे मी वाचून बसले होते. म्हणजे आता श्रीखंडाची किंमत आली. देशी दुकानातल्या डब्याचा भाव धरायचा, तर तिच्या हाताचा अपमान. हाताचा मान ठेवायचा, तर भत्ता गेला. आणि वेलदोडे तिने माझ्याकडूनच नेलेले, ते वजा करायचे की कमाई सांगायची ती कापाकापीच्या आधीची? मी चाळीस डॉलरच बरे म्हटलं. श्रीखंड तरीही आलं, शेजारधर्म म्हणून, आणि तिने ते डब्यावर चिठ्ठी लावून तसं लेखी दिलं.

पुढे त्या पोराला 'ए' मिळाला. पेढे आले आणि पेढ्यांबरोबर, "ताई, आता काही गरज वाटत नाही हो त्याला," हेही आलं. फॉर्ममध्ये काम थांबल्याचं कारण विचारतात. सोडलं, काढून टाकलं, की काम उरलं नाही? रात्री तिचा व्हॉट्सअ‍ॅप आला. 'काढून टाकलं असं नका हं लिहू, बरं दिसत नाही.' मी काम उरलं नाही असं लिहिलं. एका वर्षात दोनदा ले-ऑफ, त्यातला दुसरा आठवीतल्या पोराकडून.

पण पुढच्या फॉर्मात 'काम शोधलंत का' हा प्रश्न असतोच. म्हणून लगेच तिला लिहून टाकलं, 'धाकटीचे अपूर्णांक कसे आहेत?'

तिचं उत्तर आलं, 'ताई, ती अजून दहापर्यंतच मोजते.'

मी विचारलं, 'चुकत नाही ना?'