असा बांधावा रॅम्प

सोसायटीत, बँकेत, मंगल कार्यालयात किंवा एखाद्या कचेरीत रॅम्प बांधायची वेळ तुमच्यावर आली असेल तर मुळीच घाबरू नका. बावीस वर्षं मी व्हीलचेअरवर आहे आणि एवढ्या काळात इतके रॅम्प बघितलेत (बघितलेत म्हणतेय, चढले असं नव्हे) की दोन शब्द सांगायचा अधिकार मला नक्की पोचतो.

उताराचं गणित फार मनावर घ्यायचं नाही. प्रमाण सांगतात एकास बारा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. दाराशी सहा-सहा इंचांच्या तीनच पायऱ्या असल्या तरी अठरा फूट झाले! तेवढ्या जागेत चेअरमनसाहेबांची गाडी उभी राहते. तेव्हा चार फुटांत उरका. मिस्त्रीला बागेतली घसरगुंडी दाखवली की त्याला नेमकं कळतं. काम झालं की त्यावरून त्याला अ‍ॅक्टिव्हा चढवायला सांगा. चढली की रॅम्प पास.

वर ग्रॅनाइट लावा, चांगलं आरसा दिसेल असं पॉलिश केलेलं. कठडा नको, शोभा जाते. वरच्या टोकाला सपाट जागा सोडायचीही गरज नाही. तिथे दार असू द्या आणि ते बाहेरच्या बाजूला उघडू द्या. म्हणजे एका हाताने दार ओढायचं, दुसऱ्या हाताने खुर्ची मागे घसरू नये म्हणून चाक दाबून धरायचं आणि उरलेल्या हातांनी आत जायचं. आम्हाला २०१५ पासून ‘दिव्यांग’ म्हणतात ना? जुन्या मराठीत दिव्य म्हणजे उकळत्या तेलात हात घालून दाखवायची परीक्षा. नाव ठेवणाऱ्याला मराठी येत असावं.

दाराला दोन इंचांचा उंबरा हवाच. लक्ष्मी तिथूनच आत येते, आणि तिला चाकं नाहीत.

आता देखभाल. रिकामा रॅम्प वाईट दिसतो, म्हणून दोन्ही बाजूंना कुंड्या. तरीही पोरं सायकली घालतातच, तेव्हा खाली साखळी आणि कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. फुटपाथवरही हेच तंत्र वापरतात. मोटारसायकली चढू नयेत म्हणून खांब रोवायचे, तेही असे की दोन खांबांमधून मोटारसायकल तिरकी करून निघते आणि व्हीलचेअर अडकते. मुंबईतल्या अशा खांबांची उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. तुमचे खांब अजून कोणी बघितलेले नाहीत, निश्चिंत राहा.

कायद्याचं नाव काढणारा एखादा सभासद असतोच. त्याला बोलू द्यावं. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, त्याचे नियम २०१७ चे. सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती, ती २०२२ मध्ये संपली. कुठे काही पडलं? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा, आणि त्यासाठी केंद्र सरकारला तीन महिने दिले. तीन महिने! आपल्या गच्चीच्या गळतीचा ठराव तीन वर्षं चर्चेत आहे.

तरी तो सभासद ऐकेना तर ‘आपल्याकडे असं कुणीच नाही’ हे वाक्य काढा. सर्वसाधारण सभेत ते हमखास चालतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चार वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत, त्यामुळे त्या मोजणीत येत नाहीत.

तुमची कचेरीच वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर रॅम्पचा खर्च पूर्ण वाचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत एका नवरीला विवाह नोंदणीसाठी जिन्यांवरून उचलूनच वर न्यावं लागलं होतं. लग्न लागलं ना शेवटी?

राहिलं उद्घाटन. ते ३ डिसेंबरला ठेवा, जागतिक दिव्यांग दिन असतो. फोटोसाठी एक व्हीलचेअरवाली व्यक्ती लागेल. एका ठिकाणी मला बोलावलं होतं, त्या अनुभवावरून सांगते. उतार बघून मी म्हटलं, ‘यावरून खुर्ची जाणार नाही.’ ‘असं कसं मॅडम, आम्ही आहोत ना!’ असं म्हणत चौघांनी खुर्ची उचलली. एकाने माझ्या काखेत हात घातला. हात कुठेकुठे लागतो ही चर्चा अशा मंगल प्रसंगी करायची नसते. वर पोचल्यावर फीत कापली, नारळ फुटला, फोटोत चौघांचे चेहरे सुरेख आले. मग पाहुण्यांनी माझ्या बहिणीला वाकून विचारलं, ‘यांना चहा चालतो का?’

चालला. दोन कप झाले. तिसरा नको म्हटलं, कारण तिथलं अपंगांसाठीचं स्वच्छतागृह झाडू, फिनेल आणि गणपतीच्या मखराने भरलं होतं. दीड वाजता निघायचं ठरलं, तेव्हा चौघे जेवायला गेले होते. बहीण त्यांना शोधायला गेली. मी वरच बसून राहिले, कोनशिलेवरची नावं वाचत. एकूण अकरा होती.