'डीप थ्रोट'चा जयजयकार करण्याआधी लिंडाचं ऐका

माझा भाचा फिल्म एडिटिंग शिकतोय. परवा त्याने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, 'मामा, हे वाचच.' वाचलं, आणि डोकंच फिरलं. सारांश असा: जेरार्ड दामियानो या न्यूयॉर्कच्या केशभूषाकाराने १९७२ मध्ये 'डीप थ्रोट' हा पोर्न सिनेमा काढला, २५ हजार डॉलर घालून ६० कोटी डॉलर कमावले, कोर्टात लढून अश्लीलतेचा कायदा मोडीत काढला आणि नायिका लिंडा लव्हलेसला 'मुक्त स्त्री' बनवलं.

पैशाचं आधी उरकतो. न्यूयॉर्कमध्ये तिकीट ५ डॉलर होतं. तोच दर सगळीकडे धरला तरी १२ कोटी तिकिटं खपायला हवीत. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्याच साधारण २१ कोटी, त्यात पोरंबाळं आली, शिवाय कित्येक ठिकाणी बंदी. थिएटरमधून एवढा पैसा येणं शक्यच नाही. जो आला तो सिनेमाला पैसा पुरवणाऱ्या पेरायनो कुटुंबाकडे गेला, आणि त्यांचे लागेबांधे न्यूयॉर्कच्या कोलंबो माफिया टोळीशी होते. दामियानोचा नफ्यातला वाटा एकरकमी पैसे देऊन काढून घेतला गेला. एवढ्यावर का सोडलंस, असं पत्रकाराने विचारलं तेव्हा त्याने उलट विचारलं, माझे दोन्ही पाय मोडून घेऊ का?

कोर्टातला विजय तर धादांत खोटा. १ मार्च १९७३ रोजी न्यूयॉर्कचे न्यायाधीश जोएल टायलर यांनी सिनेमा अश्लील ठरवला आणि थिएटर चालवणाऱ्या कंपनीला १ लाख डॉलर दंड ठोठावला. त्याच जूनमध्ये मिलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्थानिक समाजाच्या मापाने अश्लीलता ठरवायची मुभा दिली. म्हणजे कायदा मोडीत निघाला नाही, उलट खटले भरणं सोपं झालं. १९७६ मध्ये याच सिनेमावरच्या मेम्फिस शहरातल्या खटल्यात दोषी कोण ठरला? त्यातला नट हॅरी रीम्स. दामियानोला साक्षीच्या बदल्यात अभय मिळालं होतं. रीम्स पुढच्या वर्षी सुटला, तोही सिनेमा मिलरच्या निकालाआधीचा होता म्हणून.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. दामियानोला गोष्ट सांगायची खरी हौस होती, त्याच्या पुढच्या सिनेमाची समीक्षकांनी गंभीरपणे दखल घेतली. आणि हो, मध्यमवर्गीय जोडपी उघडपणे रांगेत उभी राहिली, हेही खरं.

पण 'मुक्त स्त्री'? हे वाचून माझा संताप झाला. तिचं खरं नाव लिंडा बोरमन. १९८० मध्ये तिने 'ऑर्डील' हे आत्मकथन लिहिलं. नवरा चक ट्रेनर मारायचा, बंदुकीचा धाक दाखवायचा, परपुरुषांकडे पाठवायचा, हे सगळं त्यात आहे. सिनेमाचे १,२५० डॉलर तिच्या नावावर मिळाले, तेही त्यानेच घेतले. हात उचलल्याचं ट्रेनरने कबूल केलं, फक्त तो दोघांच्या मर्जीचा खेळ होता म्हणाला. सेटवर बंदूक दिसली नाही, असं काही जण सांगतात. नसेल दिसली. घरी मार खाल्लेल्या बाईला सेटवर बंदूक दाखवावी लागत नाही. १९८६ मध्ये पोर्नोग्राफीवरच्या सरकारी आयोगापुढे तिने सांगितलं की हा सिनेमा कुणी बघतो तेव्हा तो माझ्यावरचा बलात्कार बघत असतो.

या बाईचं नाव घेऊन मुक्तीचा जयघोष करणारा फॉरवर्ड घरातल्या मुली वाचताहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

न्यूयॉर्कच्या खटल्यात तज्ज्ञांच्या साक्षी दिवसेंदिवस चालल्या. प्रश्न काय होते? याने वासना चाळवते का, समाजाची मर्यादा ओलांडते का, याला काही सामाजिक मूल्य आहे का. पडद्यावरच्या बाईची मर्जी होती का, हा प्रश्न अश्लीलतेच्या कायद्यात नव्हताच. सरकारी वकिलालाही तो विचारायचं कारण नव्हतं, बचावाच्या वकिलाला तर मुळीच नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं. लिंडाच्या पायांवरचे काळेनिळे डाग त्या सिनेमात दिसतात. आणि अरे, त्याचं एडिटिंग दुसऱ्या कुणी नाही, दामियानोनेच केलंय. त्या फ्रेम एकेक करून त्याच्या हाताखालून गेल्या, आणि त्याने त्या ठेवल्या.